कथा टुकार, पण कॅमेरा अफलातून असे सिनेमे कोणते?

माझं पहिलं उत्तर 'रावण' (2010). दिग्दर्शक मणिरत्नम, कॅमेरा संतोष सिवन आणि व्ही. मणिकंदन यांचा. साताऱ्यातल्या मित्रांबरोबर पाहिला होता. मध्यंतरातच दोघं वडापावच्या निमित्तानं बाहेर गेले ते परत आलेच नाहीत. त्यांचं चुकलं असं म्हणणार नाही. अभिषेकचं ते डोकं हलवत बडबडणं मलाही सोसलं नाही.

पण पाणी बघा त्यातलं! आपण जुलैत ठोसेघरला जाऊन मोबाईलवर फोटो काढतो, तेव्हा धबधब्याच्या जागी नुसता पांढरा डाग उमटतो. कॅमेऱ्यात उजेड पाण्याच्या हिशेबानं बसवला तर कडे काळे पडतात, कड्यांच्या हिशेबानं बसवला तर पाणी जळतं, म्हणजे पांढरंफटक होतं. इथे मात्र फेसाचा पोत दिसतो, ओल्या खडकाची चकाकी दिसते आणि त्यापुढे माणसाचा चेहराही. ढगाळ हवेत सावल्या मऊ पडतात, त्याचा पुरेपूर फायदा घेतलाय. शेवटची पुलावरची मारामारी तर आवाज बंद करून बघा. मी तशीच बघतो.

दुसरा 'सावरिया' (2007), कॅमेरा रवी के. चंद्रन. सगळं सेटवर, निळं-हिरवं, सूर्य जवळजवळ गायबच. चौकट थांबवली की चित्र, चालू केली की जांभई. तरी तो निळा रंग डोक्यातून जात नाही, हेही खरं.

'बॉम्बे व्हेल्वेट'ही (2015) याच रांगेतला, पण तो मी अर्धाच पाहिलाय.