छेद किती?

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

अर्थशास्त्र मेजर आणि सार्वजनिक आरोग्य मायनर घेतेस, हे तुझ्या आईकडून कळलं. "डॉक्टर व्हायचं नाही, मग आरोग्य कशाला?" असं तिनं चतुर्थीला विचारलं, तेव्हा मी नेवरी तोंडात घालून वेळ मारून नेली. आता नीट लिहितो.

आधी माझी एक फजिती. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रजिस्टर चाळताना तापाच्या रुग्णांत एकाच वाड्यावरची नावं भराभर दिसली. साथ आली म्हणून मी वर कळवलं, फवारणीची माणसं धाडली. दुपारी आमच्या जुन्या नर्सबाईंनी चहा पिता पिता विचारलं, "डॉक्टर, त्या वाड्यावर माणसं किती?" मला ठाऊक नव्हतं. तो वाडा सगळ्यांत मोठा, शिवाय बसथांबा अगदी दारात. खरा ताप पलीकडच्या लहान वाड्यांवर होता. तिथली माणसं एवढं कोण चालणार म्हणून काढा पिऊन घरीच पडली होती. माझ्यापुढे नुसता अंश होता, म्हणजे आजारी किती आले ते. छेद, म्हणजे एकूण माणसं किती, तो गावात राहिला होता.

तुझ्या साथरोगशास्त्राचा निम्मा जीव या छेदात आहे. म्हणून संख्याशास्त्राचा पेपर रुक्ष वाटला तरी टाळू नकोस.

आपल्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला माकडतापच घे. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलाकडे माकडं मरू लागली, माणसं तापानं फणफणली, तेव्हा हा विषाणू सापडला. सत्तरीत तो २०१५ मध्ये आढळला. तो पसरतो गोचिडींमधून. त्यांची बारीक पिल्लं पावसाळा सरल्यावर, कोरड्या दिवसांत पाचोळ्यात जास्त असतात, आणि काजूचा हंगामही नेमका त्याच दिवसांत येतो. काजूची बोंडं, म्हणजे आपले बोंडू, वेचायला वाकलेली बाई त्याच पाचोळ्यात उभी असते. केंद्रात बसून मला फक्त तिचा ताप दिसायचा. तू अर्थशास्त्रवाली, तू पुढचं विचार. चार दिवस ती बागायतीत गेली नाही तर फेणीची भट्टी कुणाची थांबते आणि चूल कुणाची? गोचिडी लांब ठेवणारं तेल अंगाला लावा, पूर्ण कपडे घाला, मेलेलं माकड दिसलं तर कळवा, हे आम्ही घसा सुकेपर्यंत सांगितलं. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात पूर्ण बाह्या घालून डोंगर चढायचा म्हणजे काय, ते आमच्यापैकी फार थोड्यांनी करून पाहिलं असेल. (मी एकदा केलं. तासाभरात बाह्या दुमडल्या.)

मलेरियाचंही तसंच. शहरात मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी डास स्वच्छ पाण्यात वाढतो: स्लॅबवर साठवलेलं पाणी, उघडी टाकी, पिंप. म्हणून तर आपल्याकडे बांधकाम मजुरांची रक्ततपासणी करून त्यांना आरोग्य कार्ड देतात. पण मजूर एका साइटवरून दुसरीकडे जातो, कंत्राटदार बदलतो. छेद मोजायचा कुठे, ते तूच शोध.

मायनरच्या जोरावर लगेच नोकरी मिळेल अशा भ्रमात राहू नकोस. पुढे एम.पी.एच., म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, करायची असेल तर काही ठिकाणी इतर शाखांचे पदवीधरही घेतात, तोवर ही पायाभरणी समज. आणि डॉक्टर नसलेल्यांना या क्षेत्रात काम नाही असं आई म्हणाली, तर तिला 'संगाथ'चं सांग. मानसिक आरोग्यात काम करणारी ही संस्था १९९६ पासून गोव्यात आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या, वैद्यकीय पदवी नसलेल्या माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण देऊन आपल्याच आरोग्य केंद्रांत बसवलं. डिप्रेशन आणि चिंतेच्या रुग्णांना सरकारी केंद्रांत त्याचा चांगला उपयोग झाला. तो अभ्यास २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

प्रोजेक्टसाठी मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म फिरवून पन्नास मैत्रिणींची उत्तरं गोळा करणार असशील, तर माझ्याकडे वाचायला आणू नकोस. ज्यांच्याकडे फोनच नाही त्या बायका त्यात कुठे असतील?

त्यापेक्षा काजू सुरू झाले की वाळपईला ये. एका वाड्यावर घरं मोजू, माणसं मोजू, मग केंद्राचं रजिस्टर उघडू. पायात बूट हवेत. गोचिडींसाठी लावायचं तेल मी आणून ठेवतो. आईला सांग, येताना बोंडूंची पिशवी भरून पाठवीन.

तुझा,
डॉक्टरकाका