अंध विद्यार्थ्याला प्रकाशाचे प्रयोग स्वतः कसे करता येतील?

तुमचा प्रश्न असा: वर्गात एक पूर्ण अंध विद्यार्थी आणि एक कर्णबधिर विद्यार्थिनी आहे, बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढायचा प्रयोग दोघांना करता यावा, यासाठी काय लागेल?

बहुतेक ठिकाणी जोडीदार वाचन घेतो आणि अंध मुलगा आकडे उतरवतो. त्याला मी प्रयोग म्हणणार नाही. पडद्यावर प्रतिमा ठळक होते तेव्हा तिथे प्रकाश एका ठिपक्यात एकवटतो. हे एकवटणं कानाला कळवलं की झालं.

त्यासाठी ५५५ टायमर आयसी (स्पंद निर्माण करणारी छोटी चिप), एलडीआर (उजेड वाढला की ज्याचा रोध कमी होतो असा घटक), १ किलोओहमचा रोध, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ९ व्होल्टची बॅटरी आणि छोटा स्पीकर घ्या. ४ आणि ८ या पिना धनाला, १ ऋणाला. २ आणि ६ एकमेकींना जोडा. ८ व ७ च्या मध्ये रोध, ७ व ६ च्या मध्ये एलडीआर, ६ पासून ऋणापर्यंत कपॅसिटर. पिन ३ मधून १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १०० ओहम यांच्यामार्फत स्पीकर. एलडीआरचा रोध १०० किलोओहम असेल तर साधारण ७० हर्ट्झची घरघर येते, १० किलोओहमला सुमारे ६८५ हर्ट्झ. म्हणजे उजेड वाढला की सूर चढतो.

खरी गडबड इथून पुढे होते. एलडीआरचा पृष्ठभाग काही मिलिमीटर रुंद असतो, त्यामुळे सुराचं शिखर पसरट येतं. त्यावर २ मिमी भोकाचं काळं कार्ड चिकटवा, आणि मागची बाजू काळ्या टेपने गुंडाळा. मागूनही उजेड शिरतो. दुसरं म्हणजे मोठा बल्ब चालत नाही. स्रोत पसरट असला की प्रतिमेच्या जागेवरून भिंगाकडे सरकतानाही सूर चढतच राहतो, आणि मुलाला वाटतं आपलाच कान चुकतोय. बल्बपुढे १ ते २ मिमी भोकाचा पत्रा लावा. शिखर सापडतच नसेल तर बहुधा भोक अक्षावर नसतं. एकाच उंचीची खाचेची पट्टी करून स्रोत, भिंग आणि एलडीआर तिने जुळवा. मग आधी आडवं थोडं हलवून सूर चढवायचा, त्यानंतर पुढेमागे. सरकवणं सावकाशच हवं, एलडीआर मुळात आळशी आहे.

शिखराची नेमकी जागा कानाला धूसर लागते. म्हणून दोन्ही बाजूंना सूर सारखाच उतरतो त्या दोन जागा नोंदवून मध्य काढायला सांगा. बाकाच्या मोजपट्टीवर दर सेंटिमीटरला गोंदाचा एक थेंब, दर पाचव्याला दोन. १० सेंमी नाभीय अंतराच्या भिंगापासून वस्तू ३० सेंमीवर असेल तर शिखर १५ सेंमीजवळ यायला हवं. त्यात अर्ध्या सेंमीची चूक झाली तरी नाभीय अंतरात फरक पडतो साधारण २ मिमीचाच, तेव्हा बोटांनी वाचलेली पट्टी पुरेशी आहे.

आता भिंगाचं सूत्र; त्यात व्ही म्हणजे प्रतिमेचं आणि यू म्हणजे वस्तूचं अंतर. 'एक भागिले व्ही वजा एक भागिले यू' असं मोठ्याने वाचलं तर छेदात नुसता व्ही आहे की 'व्ही वजा एक' आहे, हे ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नाही. तुम्ही वाचून दाखवत असाल तर 'अपूर्णांक सुरू, अपूर्णांक संपला' असं म्हणा. संगणकावर सूत्राचा फोटो डकवू नका. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) तिथे फक्त 'चित्र' म्हणून पुढे जातो. समीकरण मॅथएमएलमध्ये (गणित लिहायच्या संगणकीय खुणांच्या भाषेत) असेल तर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर आणि गणित बोलून दाखवणारं मॅथकॅट ही जोडी ते रचनेसकट बोलते, आणि दोन्ही मोफत आहेत. आलेखाला थर्माकोल, टाचण्या आणि ताणलेला दोरा पुरतो. पण आलेखपत्राच्या सगळ्या रेघा उठावाच्या केल्यात तर बोटाला बिंदू सापडत नाहीत; अक्ष आणि मोजक्याच खुणा ठेवा.

फेटच्या (PhET) सिम्युलेशन्स, म्हणजे संगणकावर करायचे विज्ञानाचे आभासी प्रयोग, वापरणार असाल तर एकदा डोळे मिटून नुसत्या कीबोर्डवर चालवून बघा. काहींना वर्णन आणि ध्वनी आहेत, सगळ्यांना नाहीत.

कर्णबधिर मुलीसाठी स्पीकर बाजूला. तोच एलडीआर सुटा करून मल्टिमीटरला लावा, रोध सर्वांत कमी ती प्रतिमेची जागा. तिची अडचण वेगळीच असते: प्रयोगासाठी खोलीत अंधार केलात की तिला ना ओठ दिसत, ना खुणा. सगळ्या सूचना दिवे मालवण्याआधी, लिहून आणि तिच्याकडे तोंड करून द्या, आणि मध्येच बोलायचं झालं तर आधी दिवा लावा.