परीक्षा नाही निघाली तर दुकान?

नमस्कार. बडोद्याच्या दांडिया बाजारातून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, मार्क ५४ टक्के, त्याला ड्रायक्लीनिंगचं दुकान काढायचंय, तुम्हाला तो बँकेत हवाय. आणि तुम्ही तोडगा काढलाय की दोन वर्षं परीक्षा दे, नाही निघाली तर माझ्या पीएफचे १२ लाख घे, खालच्या गाळ्यात मशीन लाव, मग तू आणि तुझं नशीब.

मार्कांचं सोडा हो, मला हा तोडगाच खटकला. म्हणजे पोरगा गल्ल्यावर बसणार तो आधीच हरलेला म्हणून बसणार, आणि हातात एकदम १२ लाख, तेही कामाचा अनुभव शून्य असताना. लाड पण आणि शिक्षा पण, एकाच चेकमध्ये.

"लोक धोबी म्हणतील" हे पत्रात तीनदा आलंय. म्हणू देत की. इतकी वर्षं ऑफिसला जाताना तुमचा शर्ट कोणीतरी कडक इस्त्री करून देतच होतं ना, तेव्हा त्याच्या कामाची लाज नव्हती वाटत. घरात हे रोज ऐकणाऱ्या पोराचा अभ्यास काय होणार, सांगा. आणि एक गोष्ट तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीये, की नवरात्रीत सगळी पोरं गरब्याला आणि हा मित्राच्या काकांच्या दुकानात रात्री अकरापर्यंत चणियाचोळ्यांना टॅग लावत बसला. अहो, अख्ख्या पत्रात मला आवडलेलं वाक्य तेच.

बँकेचं एका ओळीत: आयबीपीएसच्या बँकभरती परीक्षेत क्लार्कला वय २८ आणि पीओला, म्हणजे अधिकाऱ्याच्या जागेला, ३० पर्यंत चालतं, सहा महिन्यांनी काही गाडी सुटत नाही.

आता तुमचा आणि बहुतेक त्याचाही एक गैरसमज, की मशीन आलं म्हणजे धंदा सुरू. ड्रायक्लीनमध्ये कपडे पाण्यात नाही, सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे तेलकटपणा विरघळवणाऱ्या रसायनात फिरतात, कुठे पर्क (परक्लोरोएथिलीन), कुठे पेट्रोलच्या जातीचं एमटीओ. तेला-तुपाचे डाग त्यात निघतात पण साखर त्याला दादच देत नाही. लग्नात शेरवानीवर सांडलेलं सरबत वाळलं की दिसतसुद्धा नाही, आणि गरम प्रेस फिरली की तिथेच तपकिरी डाग उमटतो, मग गिऱ्हाईक म्हणणार तुम्हीच जाळली. तो डाग आधी ओळखून टेबलावर हाताने काढावा लागतो. हळदीला साबण लागला की ती लाल होते. चणियाचोळीवरचे आभले शिवलेत की गोंदाने चिकटवलेत हे न बघता पर्कमध्ये टाकली तर आभले ड्रमच्या तळाशी सापडतात. हे सगळं बघतो तो स्पॉटर, आणि तो एक दिवस सोडून गेला आणि मालकाला स्वतःला काही येत नसलं तर मशीनवर चादर घालून बसायचं.

आणि घराखालच्या गाळ्यात मशीन तर नकोच. एमटीओ पेट घेतं, आणि पर्कला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 'बहुधा कॅन्सरकारक' गटात टाकलंय. वर स्वयंपाकघर, खाली हे, कशाला?

म्हणून माझं मत: पीएफला हात लावू नका. पोराला आधी सहा महिने चालू प्लांटवर पाठवा, स्पॉटिंग टेबलाजवळ. मग गाळ्यात नुसतं कलेक्शन काउंटर आणि इस्त्री, कपडे प्लांटला पाठवायचे आणि कमिशन घ्यायचं, शहरातली कितीतरी दुकानं अशीच चालतात. कुठलं कापड काय सोसतं हे शिकायला आपल्याच एम. एस. युनिव्हर्सिटीत क्लोदिंग अँड टेक्स्टाइल्सचा विभाग आहे, तिथे जाऊन विचारायला काय जातं. पुढे खरंच मशीन घ्यायची वेळ आली तर पीएमईजीपी या सरकारी स्वयंरोजगार योजनेचं कर्ज बघा, तेव्हा परत लिहा.

कमुरतां, म्हणजे गुजरातेत लग्नं थांबतात तो संक्रांतीपर्यंतचा महिना, उतरली की संक्रांतीनंतर लग्नाच्या कपड्यांचे ढीग यायला लागतात आणि प्लांटवाल्यांना माणसं कमी पडतात. त्याला डिसेंबरातच विचारायला पाठवा, आणि पहिले दोन महिने पगार किती मिळाला ते घरात कोणी विचारू नका.