लस घेऊनही कान का फुटला?

प्रश्न: मुलाला न्यूमोकॉकल लसीचे सगळे डोस वेळेवर दिले, तरी दीड वर्षाचा असताना त्याचा कान फुटला. मग लस वाया गेली का?

उत्तर: नाही. ही लस ज्याच्याविरुद्ध असते त्या न्यूमोकॉकस जंतूचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. जंतूभोवती साखरेच्या साखळ्यांचे कवच असते आणि ते प्रत्येक प्रकारात वेगळे. लस शरीराला ओळखायला शिकवते ते हे कवच, तेही निवडक प्रकारांचेच. नुसते कवच टोचले तर दोन वर्षांखालील मुलांचे शरीर त्याला नीट दाद देत नाही, म्हणून ते प्रथिनाला जोडून देतात.

लसीमुळे नाकाघशात ठाण मांडणारे लसीतले प्रकार घटतात. त्यामुळे लस न घेतलेल्या आजीआजोबांनाही संरक्षण मिळते. पण रिकामी जागा दुसरे प्रकार बळकावतात. 2000 साली अमेरिकेत आलेल्या सात प्रकारांच्या लसीनंतर तिच्यात नसलेला 19ए हा प्रकार बोकाळला. 2010च्या तेरा प्रकारांच्या लसीत त्याला घ्यावे लागले. प्रकार 3 मात्र लसीत असूनही चिवट, कारण त्याचे जाड कवच सुटून पडते आणि प्रतिपिंडे (जंतूला पकडणारी शरीराची प्रथिने) त्यातच अडकतात.

शिवाय कान फुटायला हिमोफिलससारखे वेगळेच जंतूही कारण असतात. लसीची खरी कमाई मेंदूज्वर, रक्तातला संसर्ग आणि न्यूमोनिया कमी होण्यात आहे.

तरीही ताप-खोकला असेल तर मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त भरले, किंवा छाती आत ओढली जात असेल, तर लगेच डॉक्टर गाठा.