प्रपोजल परत आलं, आता पुढे काय? संशोधन निधीबद्दल तुमचे प्रश्न

ग्रँटबद्दल बरेच प्रश्न साठले होते, त्यातले पाच आज घेतोय. प्रश्न थोडे छोटे केलेत आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

प्रश्न: अनुदानित कॉलेजमध्ये केमिस्ट्री शिकवतो, वय ३८, पीएचडी होऊन सहा वर्षं झाली. लॅबमध्ये एक जुना यूव्ही (पदार्थ तपासायचं यंत्र) सोडला तर काही नाही. सर्बच्या (संशोधनाला निधी देणाऱ्या केंद्राच्या मंडळाच्या) स्टार्ट-अप ग्रँटला अर्ज करू का? की आमच्यासारख्यांचं ते कामच नाही?

काम तुमचंच आहे, ते आधी डोक्यात पक्कं करा. पण सर्ब आता राहिलेलं नाही, २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन म्हणजे एएनआरएफ आलं आणि सर्ब त्यात गेलं. दोन वर्षांना ३० लाखवाली स्टार्ट-अप ग्रँट, जिची पीडीएफ अजून व्हॉट्सअॅपवर फिरते, ती विसरा. तिच्या जागी पीएम अर्ली करिअर रिसर्च ग्रँट आहे, पर्मनंट पोस्टवाल्यांसाठी, वयाची अट ४२, तीन वर्षांना ६० लाखांपर्यंत. तुमच्या हातात चार वर्षं आहेत, पण तिथे आयआयटी आणि आयसरमध्ये नुकतेच लागलेले लोकही तुमच्याच रांगेत असणार, आणि त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून मशीन आहे.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर आधी टेअर, म्हणजे शिक्षकांसाठीची संशोधन योजना, बघितली असती. नोकरी आपल्याच कॉलेजात राहते, वर्षातले किमान ९० दिवस एखाद्या मोठ्या संस्थेत जाऊन काम करायचं, वर्षाला ५ लाख ग्रँट दोन्ही संस्थांत निम्मी-निम्मी आणि तुम्हाला वर्षाला ६०,००० वेगळे. रक्कम लहान दिसते म्हणून लोक हिच्याकडे बघत नाहीत आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण यातून मशीन वापरायला मिळतं, एक चांगला सहलेखक मिळतो आणि दोन पेपर झाले की मोठ्या प्रपोजलला पाया तयार होतो. फक्त तिथल्या मेंटरची संमती लागते, तेव्हा कॉल (अर्ज मागवण्याची सूचना) निघायची वाट न बघता आत्ताच मेल करा आणि त्यात 'आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची इच्छा आहे' एवढंच लिहू नका. त्यांचे दोन पेपर वाचा, त्यातला कुठला धागा तुम्ही पुढे नेऊ शकता ते चार ओळींत लिहा.

तोपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. आयआयटी मुंबईच्या सैफमध्ये (मोठ्या उपकरणांच्या सामायिक केंद्रात) बाहेरच्यांची सँपल्स फी घेऊन करून देतात, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातही सोय आहे, आणि कुठलं उपकरण कुठल्या संस्थेत आहे ते आय-स्टेम पोर्टलवर सापडतं. पाच-सहा सँपल्सचा स्वच्छ डेटा असला तरी प्रपोजलचं वजन बदलतं. (आकडे आणि अटी बदलत राहतात, त्यामुळे अर्ज भरायच्या दिवशी चालू कॉलची जाहिरात स्वतः वाचा.)

प्रश्न: 'पश्चिम घाटातील औषधी वनस्पतींपासून पिकांच्या रोगांवर बुरशीनाशक' या विषयावरचं माझं प्रपोजल दोनदा नाकारलं गेलं. एकदा 'नाविन्य नाही' म्हणाले, दुसऱ्यांदा 'फार महत्त्वाकांक्षी'. दोन्ही एकदम कसं असू शकतं?

असू शकतं, आणि तुमच्या बाबतीत दोन्ही खरं आहे. रागावू नका, माझंही पहिलं प्रपोजल दोन ओळींच्या शेऱ्यासह परत आलं होतं आणि मी आठवडाभर ते उघडलंसुद्धा नव्हतं.

तुम्ही सोबत पाठवलेली उद्दिष्टं वाचली. वनस्पतींचं सर्वेक्षण, अर्क काढणं, घटक ओळखणं, नॅनो फॉर्म्युलेशन, मग शेतावर चाचणी. ही पाच माणसांची दहा वर्षं आहेत आणि तुम्ही मागितलीत तीन वर्षं आणि एक जेआरएफ (फेलोशिपवर काम करणारा तरुण संशोधक). म्हणून महत्त्वाकांक्षी. आणि 'वनस्पतींचा अर्क बुरशीवर चालतो का' हा प्रश्न इतक्या जणांनी इतक्यांदा विचारलाय की रिव्ह्यूअरला त्यात नवीन काही दिसत नाही, म्हणून नाविन्य नाही. दोन्हीचं मूळ एकच आहे, तुमच्याकडे विषय आहे पण प्रश्न नाहीये.

प्रश्न कसा दिसतो ते बघा. तुम्ही सांगली भागातले, हळदीवरचा करपा तुम्ही लहानपणापासून बघताय, पावसाळी दमट हवेत पानं कशी ठिपक्यांनी भरतात ते रिव्ह्यूअरपेक्षा तुम्हाला जास्त माहितीये. करपा कोलेटोट्रायकम या बुरशीमुळे येतो. मग एक रोग धरा, सर्वेक्षण सोडा, तुमच्या आधीच्या कामात ज्या दोन वनस्पतींचा परिणाम दिसला त्याच घ्या, आणि विचारा: हा अर्क बुरशीचे बीजाणू रुजूच देत नाही, की रुजल्यावर वाढ थांबवतो? आणि पानावर पाऊस पडून गेल्यावर तो किती दिवस टिकतो? बस. उत्तर 'नाही टिकत' आलं तरी त्यातून काहीतरी कळतं, आणि ज्याचं उत्तर दोन्ही बाजूंनी उपयोगी असतं असं प्रपोजल रिव्ह्यूअरला धोक्याचं वाटत नाही. नॅनो फॉर्म्युलेशन काढून टाका, जीवावर येईल तरी काढा.

मी स्वतः प्रपोजलं तपासतो तेव्हा कसं वाचतो तेही सांगतो. आधी सारांश, मग उद्दिष्टं, मग थेट शेवटी जाऊन या माणसाने आधी काय केलंय ते, आणि मग मेथडॉलॉजी. दिवसभराचं काम आटपून रात्री एकामागून एक वाचत असतो. साहित्याच्या आढाव्याची बारा पानं त्या वेळी कोणी नीट वाचत नाही, पण सारांशाच्या पहिल्या तीन ओळींत प्रश्न दिसला तर माणूस जागा होतो. पहिला महिना पहिल्या पानावर घालवा. मग ते पान वेगळ्या विषयाच्या सहकाऱ्याला द्या आणि त्यांना तोंडी सांगायला लावा की तुम्ही काय करणार आहात, त्यांना सांगता आलं नाही तर परत लिहा.

आणि जुने शेरे लपवू नका. पुन्हा पाठवताना काय बदललं ते सरळ लिहा.

प्रश्न: मुलांसाठी पाच वर्षं घरी होते, पोस्टडॉक अर्धवट राहिली. सीव्हीमधली ही पोकळी कशी भरू?

भरू नका मॅडम, जशी आहे तशी एका ओळीत लिहा, अमुक साल ते अमुक साल कौटुंबिक कारणाने कामात खंड. कारण द्यायचं, माफी मागायची नाही. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या (डीएसटी) वाईज-किरणमधल्या योजना आणि जैवतंत्रज्ञान विभागाची (डीबीटी) बायोकेअर या बायकांना परत संशोधनात आणण्यासाठीच आहेत, तिथे तुम्हाला कोणी उपकार म्हणून घेत नाहीये. अडचण येते ती यजमान संस्था मिळवताना, कारण पोस्ट नसताना कुणीतरी जागा आणि सही द्यावी लागते. जुन्या गाइडना फोन करा, संकोच सोडा, बहुतेक जण मनापासून मदत करतात.

प्रश्न: बजेट कमी मागितलं तर मंजूर व्हायची शक्यता वाढते का? आणि आमचे प्राचार्य सही द्यायला तयार नाहीत, म्हणतात हिशेबाची कटकट कोण करणार.

कमी मागून काही वाढत नाही. जेआरएफला २०२३ पासून महिना ३७,००० आणि वर घरभाडं आहे, तेवढं न धरता बजेट केलं तर रिव्ह्यूअरला वाटतं यांना खर्चाचा अंदाजच नाही. उपकरण मागताना मात्र 'जवळपास कुठे आहे आणि तिथे का चालणार नाही' हे लिहा, सगळ्यात जास्त कात्री तिथेच लागते.

प्राचार्यांचं म्हणणं अगदी चूक नाही हो. दरवर्षी युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसा ठरल्या कामाला वापरल्याचा दाखला), खर्चाचं स्टेटमेंट, पैशावरचं व्याजसुद्धा परत करायचं, खरेदीचे नियम वेगळे, आणि कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क एक. जून २०२५ मध्ये केंद्राने वैज्ञानिक खरेदीचे नियम सैल केले, कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख झाली, पण ती तुमच्या कॉलेजला लागू होते का ते ऑफिसात विचारूनच धरून चाला. सही मागायला जाताना प्राचार्यांसमोर वर्षाचं कॅलेंडर ठेवा, कुठल्या महिन्यात कुठला कागद आणि तो मी तयार करणार. ओव्हरहेडचा, म्हणजे संस्थेच्या वरखर्चापोटीचा, पैसा कॉलेजला मिळतो हेही सांगा, पुष्कळांना माहीत नसतं. आणि हे शेवटच्या आठवड्यात करू नका, लेटरहेडवरचं एंडोर्समेंट (कॉलेजचं संमतिपत्र) नसेल तर चांगलं प्रपोजल रिव्ह्यूअरपर्यंत पोचतच नाही.

प्रश्न: वय ४७, असोसिएट प्रोफेसर, दहा वर्षांत एकही प्रोजेक्ट नाही. उशीर झालाय का?

नाही. अर्ली करिअरची दारं बंद झाली, पण सर्बची कोअर रिसर्च ग्रँट होती तिला वयाची अट अशी नव्हती, एएनआरएफमध्ये त्याच धर्तीवर अॅडव्हान्स्ड रिसर्च ग्रँट आहे. तुमच्यासाठी वयापेक्षा मोठी अडचण म्हणजे गेल्या पाच वर्षांतले पेपर, ते नसतील तर आधी तरुण सहकाऱ्याच्या प्रपोजलमध्ये को-पीआय (सहसंशोधक) म्हणून जा. त्यात कमीपणा मानू नका, त्यांना तुमचा हात हवाच असतो. एका प्रोजेक्टमधून दोन पेपर आले की मग स्वतःच्या नावाने टाका.