कडुलिंबाच्या पानांपासून झिंक ऑक्साईडचे नॅनोकण: यात हरित नेमकं काय?

तुम्ही विचारलंय की मुलगी बारावीत आहे, विज्ञान मेळाव्यासाठी कडुलिंबाच्या पानांपासून झिंक ऑक्साईडचे नॅनोकण (म्हणजे अतिसूक्ष्म कण) करायचं म्हणते. ते घरी जमेल का, पद्धत खरंच पर्यावरणपूरक आहे का आणि त्या पावडरीचा उपयोग काय. मी इथे बडोद्यातच रसायनशास्त्र शिकवतो. एम.एस्सी.ची पोरं दरवर्षी हाच विषय घेऊन दारात उभी असतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

घरी अजिबात नको. कृती वाचायला सोपी वाटते: पानं धुऊन उकळायची, काढा गाळायचा, त्यात झिंक नायट्रेट विरघळवून आटवायचं आणि उरलेला लगदा मफल फर्नेसमध्ये, म्हणजे विजेच्या बंद भट्टीत, 400 ते 500 अंशांवर भाजायचा. पण नायट्रेट तापलं की नायट्रोजन डायऑक्साईडचा तपकिरी धूर निघतो आणि तो फुप्फुसांना घातक असतो. शिवाय नायट्रेट आणि सुकलेला पाला एकत्र तापले की कधीकधी भपकन पेट घेतात. हे काम फ्यूम हूडखालीच (धूर बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात), आणि जाणकार माणूस शेजारी उभा असतानाच करायचं.

आता हरितपणाचं. बहुतेक प्रोजेक्ट रिपोर्टांत एक वाक्य छापील असतं: 'पानांतल्या पॉलिफेनॉलमुळे झिंकचं क्षपण होऊन नॅनोकण तयार होतात.' पॉलिफेनॉल म्हणजे वनस्पतींतली एक प्रकारची रसायनं, आणि क्षपण म्हणजे आयनाला इलेक्ट्रॉन मिळून त्याचा धनभार कमी होणं. चांदीच्या बाबतीत हे बरोबर आहे, तिथे चांदीच्या आयनांचा धातू होतो. झिंकचा भार मात्र नायट्रेटमध्येही +2 आणि ऑक्साईडमध्येही +2. क्षपण झालंच कशाचं? काढ्यातली द्रव्यं झिंकला धरून ठेवतात, कण एकमेकांना चिकटू देत नाहीत आणि भट्टीत इंधन म्हणून जळतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या किंग्जली आणि पाटील यांनी 1988 साली अ‍ॅल्युमिनियम नायट्रेट आणि युरिया 500 अंशांच्या भट्टीत ठेवून काही मिनिटांत बारीक अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साईड) काढला होता. तिथे युरिया इंधन म्हणून जे करतो, त्यातलं बरंचसं इथे पाला करतो.

म्हणून मुलीला एक जोडप्रयोग जरूर करायला सांगा: काढा न घालता नुसतं झिंक नायट्रेट त्याच तापमानाला तेवढाच वेळ भाजायचं. झिंक ऑक्साईड त्यातूनही निघेल! एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायच्या चाचणीत) दोन्ही नमुन्यांची शिखरं 31.8, 34.4 आणि 36.3 अंशांच्या आसपासच दिसतील. शिखरांची रुंदी आणि कणांचा आकार यांत जो फरक पडेल, तेवढंच पानांचं श्रेय. परीक्षकांसमोर ठेवायला याहून चांगलं काही नाही.

हिशेबही मांडून पाहा. स्फटिकी झिंक नायट्रेट 297 ग्रॅम घेतलं तर फार तर 81 ग्रॅम ऑक्साईड हाती येतं, आणि नुसतं नायट्रेट भाजलं तर 92 ग्रॅम नायट्रोजन डायऑक्साईड हवेत जातो. काढा असला की त्यातल्या काहीचा साधा नायट्रोजन होतो, पण सगळ्याचा नाही. वर भट्टीची वीज. अ‍ॅनास्टस आणि वॉर्नर यांनी 1998 मध्ये हरित रसायनाची जी 12 तत्त्वं मांडली, त्यांत ऊर्जेची बचतही येते. पानांमुळे कॉस्टिक सोडा, सर्फॅक्टंट (साबणासारखं द्रव्य) किंवा सेंद्रिय द्रावक वाचतात, हा फायदा खरा आहे, पण बाजारातली जाहिरात वाटते तेवढा नाही. नायट्रेटऐवजी झिंक अ‍ॅसिटेट घेतलं तर तपकिरी धुराची कटकट तरी टळते. दुसरी अडचण पानांची: चैत्रातली कोवळी पालवी आणि पावसाळ्यातलं जून पान यांचा काढा सारखा नसतो, त्यामुळे तोच आकार पुन्हा मिळेलच असं नाही. कमाटीबागेतून आणा नाहीतर अंगणातून, एकाच झाडाची, एकाच दिवशी तोडलेली पानं वापरा.

उपयोग पुष्कळ आहेत. टायरचं रबर पक्कं करायला झिंक ऑक्साईड लागतंच (तिथे ते नॅनो असण्याची गरज नसते). सनस्क्रीनमध्ये ते अतिनील किरण अडवतं. मेळाव्यात सहज दाखवता येईल तो प्रयोग म्हणजे रंगाचं पाणी या पावडरीने उन्हात फिकं करणं. आपल्याकडे कारखान्यांचं सांडपाणी खंभातच्या आखातापर्यंत नेणारा पन्नासहून जास्त किलोमीटरचा कालवा आहे, त्यामुळे विषय लोकांना लगेच कळतो. पण अशा प्रयोगात वापरतात तो मेथिलीन ब्लू हा निळा रंग उन्हात आपोआपही फिकं होतं, आणि पावडरीला चिकटूनही पाण्यातून नाहीसं होतं. तेव्हा पावडर घातलेलं पाणी आधी अर्धा तास अंधारात ढवळा, म्हणजे चिकटायचा तेवढा रंग आधीच चिकटेल, आणि उन्हात पावडरीविना एक बीकर शेजारी ठेवा.

धुण्याचं पाणी मोरीत ओतू नका. विरघळलेलं झिंक जलचरांना विषारी असतं. त्यात धुण्याचा सोडा घाला, झिंक कार्बोनेटचा पांढरा साका खाली बसेल. तो गाळून शाळेच्या प्रयोगशाळेत रासायनिक कचऱ्यासाठी ठेवलेल्या डब्यात टाका.