हाताने विणलेला लोकरी स्वेटर धुतल्यावर लोंबला, आता मापात कसा आणू?

स्वेटर लोंबला म्हणजे बहुधा तो ओला असताना दोरीवर टांगला गेला. ओली लोकर जड होते आणि स्वतःच्याच वजनाने ताणली जाते. खरी लोकर असेल तर बरंचसं माप परत येतं.

कोमट पाण्यात ईझी (लोकरीच्या कपड्यांचं लिक्विड) किंवा रिठ्याचं पाणी घालून पंधरा-वीस मिनिटं नुसता बुडवून ठेवा. चोळू नका. गरम पाणी आणि घासणं एकत्र आलं की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटर कायमचा आटतो. नेहमीची पावडर नकोच, तिच्यातली एन्झाइम्स प्रथिनं तोडतात आणि लोकर हे प्रथिनच आहे.

उचलताना खालून आधार द्या, टॉवेलात गुंडाळून दाबा. मग कोरड्या टॉवेलवर आडवा पसरून टेपने छाती, लांबी, बाही मोजत मापात आणा, न गंजणाऱ्या टाचण्या लावा आणि पंख्याखाली वाळू द्या. मुंबईच्या पावसाळ्यात हे काम काढू नका. लोकर भरपूर दमटपणा शोषूनही हाताला कोरडी लागते आणि मग कपाटात कुबट वास धरते.

एक तपासणी आधी कराच, कारण ‘लोकर’ म्हणून ॲक्रिलिकही सर्रास विकलं जातं आणि ते असं मापात बसत नाही. उरलेल्या धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून जाळा: लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो.